एका दमाचं पत्रक

तुम्ही आपल्या हातांनी वाटलेलं खोटं परत गोळा करायला कधी गेला आहात का? उत्तर लगेच देऊ नका. मीही सतरा वर्षं गेले नव्हते. ते खोटं होतं हे कळल्यावरही, तेव्हा मी अकरा वर्षांची होते ही सबब मला काही महिने पुरली.

यंदा जूनच्या अखेरीस, हिमाचलातल्या एका उंच खिंडीच्या पायथ्याशी, सकाळी मी तंबू गुंडाळत होते. चालण्याचा सहावा दिवस. सोबत कोणी नाही. तंबूच्या कापडावर दंव गोठलं होतं आणि ते झटकताना बांगड्या फुटल्यासारखा बारीक आवाज होत होता. समोर राखाडी दगडांचा लांबलचक चढ, त्यात अडकून राहिलेले मळक्या बर्फाचे पट्टे, आणि पार वर, दोन काळ्या सुळक्यांच्या मधे, आकाशाची एक खाच. ती ओलांडून संध्याकाळच्या आत पलीकडे उतरायचं होतं.

तिकडचे लोक खिंडीला जोत म्हणतात. हा शब्द मी पहाडात शिकले नाही, जबलपूरला फॅक्टरीच्या क्वार्टरांत शिकले. "जोतवर काय ठरलं मग?" असं लोक दर जुलैत माझ्या बाबांना विचारायचे. आणि बाबा म्हणायचे, "थांबा ना भैया, छापून येऊन राहिलं."

बाबा फिटर होते. त्यांचे पाच मित्र, सगळे फॅक्टरीतले, सगळे युनियनचे, आणि सगळे चालण्याचं वेड लागलेले. कॉलनीतली बाकी कुटुंबं रजा घेऊन पुरीला, रामेश्वरला जायची. हे सहा जण वर्षभर रजा वाचवायचे आणि जूनमधे याच जोतवर यायचे. त्याची तयारी हिवाळ्यापासून चालायची. रविवारी सकाळी मदनमहालच्या टेकडीवर, त्या भल्यामोठ्या गोल दगडांमधून, पाठीवरच्या पिशव्यांत विटा भरून सहा मोठी माणसं वर-खाली करताना मी पाहिली आहेत. मीही मागे असायचे. माझ्या दप्तरात एक वीट. ती मुकुंदकाकांनी मोजून ठेवलेली, अर्धी.

मुकुंदकाका टर्नर होते. बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र. त्यांच्या हातांना लेथवरच्या तेलाचा वास यायचा, साबणानं न जाणारा, आणि त्यावर रविवारी खव्याच्या जिलबीचा. कारण टेकडीवरून उतरल्यावर जिलबी तेच आणायचे. चालायला मला त्यांनी शिकवलं. "तोंड मिट. नाकानं घे. तोंड उघडलं म्हणजे समज, पाय जास्त पळून राहिले." त्या सकाळी जोतखालच्या चढावर पहिल्या पंधरा मिनिटांतच माझं तोंड उघडं पडलं, आणि मला त्यांचा आवाज असा ऐकू आला की मी थांबून मागे पाहिलं. मागे फक्त ओढा होता.

वर्षाचं मोठं पत्रक ते सहा जण जोतच्या माथ्यावर लिहायचे. ही रीत मुकुंदकाकांची. एकानं वाक्य म्हणायचं, उभं राहून, पाठीवरचं ओझं न उतरवता. एका दमात पूर्ण झालं तर ठेवायचं. मधे श्वास घ्यावा लागला तर खोडायचं. पत्रक अर्थातच हिंदीत असायचं. खाली जबलपूरला लिहायला बसलं की त्यात 'उपरोक्त' यायचं, 'यद्यपि' यायचं, 'परिस्थितियों को देखते हुए' यायचं. वरच्या विरळ हवेत यातलं काही टिकत नसे. उरायचं ते असं: कैंटीन का पानी साफ करो. जली हुई उँगली का हिसाब दो. "गेटवर भोंगा व्हायला दोन मिनिटं असतात," मुकुंदकाका म्हणायचे. "जे एका दमात सांगता येत नाही, ते तिथे कोण ऐकेल?"

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी होती. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. ती छापायचं सायक्लोस्टाइलचं जुनं यंत्र युनियनच्या खोलीत होतं. बाकी जगात ती यंत्रं भंगारात गेली तरी आमच्याकडे चालू होतं, कारण सहातले दोघे ते दुरुस्त करू शकत. शाईचा दमट वास. स्टेन्सिलवरची चूक बुजवायच्या लाल औषधाचा वास, नेलपॉलिशसारखा, डोक्यात जाणारा. यंत्राचा हँडल फिरवताना होणारा खट-फस, खट-फस आवाज. कागद ओले बाहेर यायचे, ते मी आमच्या ओसरीवर चटईभर पसरायचे आणि वाळले की दोन घड्या घालायचे. घडी नखानं दाबायची. पहिली मागणी वरच्या बाजूला आली पाहिजे. माझ्या अंगठ्याचं नख सगळ्या पावसाळाभर निळं असायचं आणि शाळेत मी ते मिरवायचे.

दगडांचा चढ संपत नव्हता. एक दगड स्थिर, पुढचा डुलणारा. मधे बर्फाचा पट्टा आला की बुटाची टाच मारून पायरी करायची, वजन टाकायचं, मग दुसरा पाय. सॅकचे पट्टे खांद्यांत रुतले होते. डावीकडून अचानक वास आला, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा, आणि मागोमाग मेंढ्यांचा कळप वळणावरून खाली सांडला तसा माझ्याभोवती पसरला. त्यांचा मेंढपाळ, तिकडच्या गद्दी जमातीतला, शेवटी आला. साठीचा असेल. चढावर चालता-चालता तकलीवर सूत कातत होता आणि त्याचा श्वास माझ्या निम्म्यानंही लागला नव्हता.

"अकेली?" त्यानं विचारलं.

"हाँ."

"घर में कोई नहीं था साथ आने को, या किसी को लाई नहीं?"

"लाई नहीं, चाचाजी."

"अच्छा किया. पिछले साल दो आए थे, ऊपर तक लड़ते आए. मेरी भेड़ें डर गईं."

तो हसला आणि पुढे गेला. कळप वरच्या दिशेला वळला, मीही.

मी अकरा वर्षांची होते त्या जूनमधे सहा जण जोतवर आले आणि त्या वर्षी त्यांनी वर पत्रकासोबत एक यादीही केली. संप व्हायचा होता. फॅक्टरीच्या कुठल्या शॉपमधे, म्हणजे विभागात, कोण उभा राहील, चौदा नावं. ते परत आल्यावर पंधरा दिवसांत चौदा जणांना नोटिसा आल्या. यादीत होत्या त्याच क्रमानं. यादी सहा जणांनाच माहीत होती. म्हणजे सहातल्या कोणीतरी ती ऑफिसात पोचवली होती. मुकुंदकाका त्या पंधरा दिवसांत कसल्याशा कामाला एकदा ऑफिसात जाऊन आले होते. एवढंच. एवढं पुरलं.

ते पत्रक जोतवर लिहिलं गेलं नाही. बाबांनी आमच्या स्वयंपाकघरात लिहिलं, रात्रीची भांडी घासून झाल्यावर. त्यात लांब वाक्यं होती. 'यद्यपि' होतं. शेवटी मोठ्या अक्षरांत मुकुंदकाकांचं नाव आणि गद्दार. आता खरं लिहिते: मला ते वाचून काही वाटलं नाही. नाही, वाटलं. अभिमान वाटला. आपले लोक इतके तत्त्वाचे की मित्रालाही सोडत नाहीत, असं अकरा वर्षांच्या मुलीला वाटलं. मी चारशे प्रतींना दोन-दोन घड्या घातल्या. घडी अशी घातली की ते नाव वर आलं.

सकाळच्या पाळीला मी नेहमीप्रमाणे गेटवर होते. सायकलींची रांग, घंट्या, डब्यांचा खडखडाट, विडीचा धूर. हात पुढे येत होते, मी कागद देत होते. तेलाच्या वासाचा एक हात पुढे आला आणि मी त्यातही एक दिला. वर पाहिलं तेव्हा कळलं.

त्यांनी उभ्यानं वाचलं. पूर्ण वाचलं. मग पुन्हा माझ्याच घड्यांवर तो कागद मिटला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "घडी चांगली जमून राहिली आता तुला." आणि सायकल हातात धरून आत गेले. भोंगा व्हायला अजून वेळ होता.

पुढचं मला ध्वनीतून आठवतं, किंवा ध्वनी बंद होण्यातून. रविवारी फाटकाची कडी वाजायची ती थांबली. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक फिरत मुकुंदकाका आणि काकूंपर्यंत आलं आणि धरणाऱ्यानं ते त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या माणसाकडे नेलं. काकूंचा पुढे झालेला हात तसाच राहिला. मग तो त्यांनी पदरात घेतला. आई हळदीकुंकवाची नावं काढायला बसली तेव्हा मीच म्हणाले, "काकूंना नको. ते गद्दार आहेत." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि यादीत पुढचं नाव लिहिलं. वर्षभरानं मुकुंदकाकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि जबलपूरजवळच्या पाटणला जाऊन राहिले. क्वार्टर रिकामं करताना ट्रकमधे सामान चढवायला कॉलनीतलं कोणी गेलं नाही. आमच्या ओसरीवरून ट्रक दिसत होता. मी बसून पाहिला.

सहा जण त्यानंतर जोतवर कधीच गेले नाहीत. कोणी विचारलं तर बाबा गुडघे दाखवायचे.

बाबा आता निवृत्त आहेत, आम्ही जबलपूरमधेच, राइट टाउनला राहतो. गेल्या फेब्रुवारीत मी त्यांना सांगितलं की मी एकटी त्या जोतवर जाणार आहे. ते खूश झाले. कागद घेऊन वाट काढून देऊ लागले. ओढा कुठे ओलांडायचा, तंबू कुठे लावायचा. मग म्हणाले, "इथून उजवीकडे जा. सगळे डावीकडून जातात. ही वाट मुकुंदनं शोधली होती."

मी म्हणाले, "त्या गद्दाराचं नाव काहून घेऊन राहिले, बाबा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तो नव्हता."

"काय नव्हता?"

"त्यानं नाही दिली यादी. मीच दिली."

बाबांना कोरा कागद वापरायची सवय नव्हती. पाठकोऱ्या कागदावर लिहायचं, हा आमच्या घरातला धर्म. त्या जूनमधे जोतवर त्यांच्या खिशात प्रवास सवलतीचा फॉर्म होता. यादी त्यांनी त्याच्या मागे लिहिली. घरी आल्यावर पुढची बाजू भरली, सही केली, आणि ऑफिसात नेऊन दिला. स्वतःच्या हातांनी. आठ महिन्यांनी तो फॉर्म एक सही राहिली म्हणून त्यांच्याकडे परत आला. उलटून बघितला तर मागे त्यांचंच अक्षर.

"आठ महिन्यांनी कळलं," मी म्हणाले. "तेव्हा मुकुंदकाका कॉलनीतच होते."

"नोटिसांमुळे लांबलेला संप तोंडावर होता बेटा. तेव्हा पत्रक मागे घेतलं असतं तर हसू झालं असतं आपलं. युनियन फुटली असती."

"आणि संप संपल्यावर?"

"तेव्हा तो गेला होता."

"पाटणला गेले होते. बसनं तासाभरात पोचतो माणूस."

"तू आता काहून उकरून राहिली?" बाबा म्हणाले. "लढ्यात एखाद्याचं नुकसान होतंच."

ज्या माणसानं मला शिकवलं की एका मजुरावरचा अन्याय म्हणजे सगळ्यांवरचा, तो माणूस हे म्हणाला. माझ्या खोलीत त्यांच्या पत्रकांच्या बांधलेल्या फायली आहेत. त्या रात्री मी त्या फेकल्या नाहीत. फेकल्या असत्या तर सोपं झालं असतं. मी त्या सगळ्या वाचून काढल्या, आणि प्रत्येक पानावर मला ते बरोबर वाटले, एक पान सोडून.

जोतच्या माथ्यावर मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. शेवटच्या चढावर वीस पावलं आणि थांबणं, पंधरा पावलं आणि थांबणं असं चाललं होतं. वर रचलेल्या दगडांचा ढीग, गंजलेले त्रिशूल, विटक्या कापडांच्या चिंध्या, आणि त्यांच्यामधून सतत शिट्टी घालणारा वारा. पलीकडच्या बाजूला कोरडे तपकिरी डोंगर, झाडाचं नाव नाही. मेंढपाळ त्याच्या कुत्र्याशेजारी दगडाच्या आडोशाला बसून भाकरीचा तुकडा चघळत होता. कळप आधीच पलीकडे उतरू लागला होता.

मी सॅक उतरवली नाही. खिशातून कागद काढले. राइट टाउनमधे बसून मी माघारीचं पत्रक लिहून आणलं होतं, हिंदीत, दोन पानं. उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले. "उस समय के हालात, आंदोलन की नाजुक स्थिति और नेतृत्व पर पड़े दबाव को देखते हुए..." इथे माझा दम संपला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच संपला. खोकला आला.

"ये क्या पढ़ रही है तू?" मेंढपाळ म्हणाला. "दबाव पे आके हर बार मर जाती है."

"चिट्ठी है."

"किसके नाम?"

"एक आदमी है. उसके साथ बुरा हुआ था."

"किसने किया?"

"मेरे बाप ने," मी म्हणाले. आणि मग, "मैंने भी."

त्यानं भाकरीचा तुकडा कुत्र्याकडे टाकला. "तो ये बोल ना. ये तो तू आराम से बोल गई."

मी पेन काढलं. बोटं इतकी गारठली होती की ते मुठीत धरून लिहावं लागलं. 'हालात' खोडलं. 'दबाव' खोडलं. बाबांची बाजू मांडणारा एक अख्खा परिच्छेद होता. त्यातलं एकही वाक्य एका दमात निघालं नाही, खरंच नाही, मी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणून बघितलं कारण ते माझे बाबा आहेत. तो सगळा खोडला. माझ्या वयाचं एक वाक्य होतं, 'मैं केवल ग्यारह वर्ष की थी'. ते एका दमात होत होतं. तरी खोडलं. दोन पानांची पाच वाक्यं उरली. इथे ती मराठीत देते.

मुकुंदकाकांनी कोणाचंही नाव दिलं नव्हतं. यादी माझ्या बाबांच्या फॉर्मच्या मागे होती. तो फॉर्म त्यांनीच जमा केला. आठ महिन्यांनी कळलं, तरी ते गप्प राहिले. ते पत्रक मी वाटलं.

ही पाच वाक्यं मी उभ्यानं म्हटली. वाऱ्यात माझाच आवाज मला नीट ऐकू येत नव्हता. मेंढपाळानं ऐकलं. तो उठला, तकली कमरेला खोचली आणि म्हणाला, "ठीक है. अब उतर जा, तीन के बाद बरफ नरम हो जाती है."

उतार चढापेक्षा वाईट होता. बर्फ खरंच नरम झालं होतं, पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता. मग सुटी माती, घसरणारी, आणि शेवटी दोन तास कोरड्या नाल्यातून. मला वाटलं होतं की वाक्यं लिहून झाली की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. सॅक तेवढीच होती, आणि प्रत्येक पावलाला मला आठवत होतं की हे सहा जण मिळून उतरायचे तेव्हा गाणी म्हणत उतरायचे, असं बाबा सांगत. कुठली गाणी, ते मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारणार नाही.

खालच्या वस्तीवर पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. एका भिंतीपाशी फोनला रेंज आली. बाबांना फोन केला.

"पोचली? उजवीकडून गेली ना?"

"हो. तुम्हाला वाचून दाखवते." पाचही वाक्यं वाचली.

मग ते म्हणाले, "चौथं वाक्य काढ."

"काहून?"

"एका दमात झालं का ते?"

"झालं, बाबा."

"मग माझ्या मागं छाप. मी गेल्यावर."

"आणि तुमच्याआधी ते गेले तर?"

"थंडी असेल तिथे," बाबा म्हणाले. "चलो, काही गरम खाऊन घे." आणि फोन ठेवला. त्यांना मी ओळखते. ते वाईट माणूस नाहीत. म्हणूनच मला हे सोडून देता येत नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी पाटणची बस धरली. मुकुंदकाकांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. अंगणात पत्र्याच्या छपराखाली त्यांचा छोटा लेथ, आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या पंपांचे शाफ्ट ते त्यावर घासून देतात. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, हे मला तिथे कळलं. आमच्या घरी ते कोणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण?

त्यांनी मशीन बंद केलं. मला ओळखायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. "अच्छा, तू," म्हणाले, आणि स्टुलाकडे बोट केलं. मी बसले नाही. उभ्यानंच वाचलं. वाचताना माझा आवाज फाटला, तेव्हा त्यांनी मान वर केली, मग पुन्हा खाली घातली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मला काहून वाचून दाखवून राहिली? मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे मी नव्हतो."

"माफी मागायला आले, काका."

"तुला कोण काय म्हणालं? तू तर गल्लीतली पोरगी होतीस." ते चिंध्यांनी हात पुसत होते, तेल न निघणारे हात. "किती छापले होते?"

"चारशे."

"मग चारशेंना सांग. मी एकटा ऐकून काय करू?"

मी कागद त्यांच्यापुढे धरला. ते कागदाकडे बघत होते.

"वाक्यं बरी आहेत," ते म्हणाले. "वर लिहिली?"

"हो."

"दिसतंय." एवढंच म्हणाले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी तसं इथे लिहिणार नाही. त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. शाफ्टवरून लोखंडाचा पातळ, चकचकीत केस निघू लागला, वेटोळं होत होत जमिनीवर पडला. निघताना फाटकापाशी मी वळून पाहिलं. ते कामात होते.

म्हणून हे लिहिलं आहे, आणि चौथं वाक्य ठेवून छापलं आहे. बाबा वाचतील. वाचू देत.

त्या सकाळी पहिल्या पाळीला त्या गेटमधून आत गेलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर तुम्ही ते पत्रक माझ्या हातून घेतलं आहे. तुम्ही ते घरी नेलं असेल, बायकोला वाचून दाखवलं असेल, आणि तुमच्या मुलांना मुकुंदकाकांचं नाव त्या एका शब्दासकट माहीत असेल. आज जेवताना त्यांना खरं सांगा. मग येत्या रविवारी पाटणला जा. पत्रक छापणारे, वाटणारे, वाचून मान डोलावणारे, आरतीचं तबक वरून नेणारे, सगळे जा. झालं गेलं विसरा असं त्यांना सांगू नका, ते सांगायचा हक्क तुम्हाला नाही. गद्दार तुम्ही नव्हता, एवढं त्यांच्या तोंडावर म्हणा. लेथ चालू असेल तर थांबवायला सांगा. फॅक्टरीतल्या इतक्या वर्षांत त्यांचा डावा कान गेला आहे. मोठ्यानं बोला.